चार कलमांचं तळं

सकाळी साडेआठपर्यंत हिरवा पाईप तीनदा सरकला होता.

जयूने तो साडेसहाला, ऊन चढायच्या आत, मागच्या अंगणात तळ्याची आखणी म्हणून मांडला होता. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, एका बाजूने किंचित आत आलेला, घेवड्याच्या बीसारखा आकार. चहा पिऊन ती परत आली तेव्हा पाईप कडुनिंबाखाली गेलेला होता. तिने तो ओढून पुन्हा दक्षिणेकडे आणला. मग ती खुंट्या आणायला वर गेली, तेवढ्यात कोणीतरी तो ईशान्येच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. कन्हैयालाल मिस्त्री उकिडवा बसून हे सगळं पाहत होता. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात मिस्त्री मिळणं मुश्किल झालं होतं. हा आला होता तो केवळ जयूच्या थोरल्या भावाच्या, भय्यासाहेबांच्या शब्दाखातर.

"साब, मैं तो कहीं भी खोद दूँगा," तो म्हणाला. "बस ये पाइप एक जगह रुक जाए."

भय्यासाहेब टेबलाच्या पायाखाली कौलाचा तुकडा सरकवत होते. टेबल कडुनिंबाच्या मुळावर आलं होतं आणि डगमगत होतं. त्यावर वही, शाईचं पेन, दौत आणि टीपकागद. वाकनीसांच्या घरात याद, म्हणजे लेखी ठराव, झाल्याशिवाय कुदळ पडत नसे, आणि याद डगमगत्या टेबलावर होत नसे.

मूळ पुरुष शिंद्यांच्या दफ्तरात लेखनिक होता. नोकरी गेली, दफ्तर गेलं, पण ही सवय राहिली. बांधायचं, पाडायचं किंवा खोदायचं काहीही असो, आधी याद. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एक कलम. एकाचं कलम दुसऱ्याने खोडायचं नाही. ज्याचं त्यानेच, स्वतःच्या हाताने, कारण लिहून मागे घ्यायचं. मागे न घेतलेली सगळी कलमं पाळायची. या शेवटच्या नियमामुळे घरातल्या न्हाणीघराला दोन दारं होती. त्यातलं एक उघडलं की समोर भिंत यायची.

जयूला कलम नव्हतं. लग्न होऊन गेलेल्या मुलीला ते नसतं. नवरा गेल्यावर ती देवासहून परत आली त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत तीनदा याद झाली; तिला कोणी विचारलं नाही, तिनेही मागितलं नाही. पण आजची याद तिच्या तळ्याची होती.

भय्यासाहेबांनी चष्मा पुसला आणि कोर्टात तीस वर्षं वाचत आले होते त्याच आवाजात वाचायला सुरुवात केली.

"कलम एक. तळे कडुनिंबाचे सावलीत असावे. मी. कलम दोन. पाणी ईशान्येसच असावे. सौ. शैला. कलम तीन. धबधबा व रंगीत दिवे असावेत. चिरंजीव हर्षल. कलम चार. खोली एक फुटाहून अधिक नसावी. सौ. मानसी." त्यांनी वर पाहिलं. "कोणाला काही बोलायचं आहे?"

"मला," जयू म्हणाली.

"तू तांत्रिक सल्ला दे."

"तांत्रिक सल्ला हा, की असं तळं होत नाही." तिने आवाज शांत ठेवला. सव्वीस वर्षं नववीला वनस्पतिशास्त्र शिकवताना तो ठेवावा लागला होता. "ईशान्येला आपला सेप्टिक टँक आहे. कडुनिंब उत्तरेच्या भिंतीपाशी, मधोमध. एकच तळं दोन्हीकडे कसं असेल?"

"टँकच्या वर बांध ना," शैलावहिनी म्हणाल्या. "टाकी खाली, पाणी वर. काय फरक पडतो?"

"वहिनी, पवित्र दिशेला सेप्टिक टँकच्या डोक्यावर कमळं लावू?"

"टँक मी नाही ठेवला तिथे. तुझ्या वडिलांनी ठेवला."

"त्याची याद झाली होती," भय्यासाहेब म्हणाले. "चौऱ्याऐंशी साली. पाच कलमं."

हर्षलने घड्याळ पाहिलं. पावणेनऊ. बारा वाजता टेम्पो येणार होता.

त्याच्या मते यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. आत्याचे एकोणीस टब गच्चीवर होते. काही प्लास्टिकचे, काही कापलेले ड्रम, एक तर जुना बाथटब. त्यांच्याखालची रस्त्याकडची खोली गळत होती. ती खोली त्याला महाकालच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी होमस्टे म्हणून द्यायची होती, आणि छतावर ओल दिसली की पाहुणा फोटो काढून सगळ्या जगाला दाखवतो. आज दुपारपासून मिस्त्री गच्चीचं वॉटरप्रूफिंग सुरू करणार होता. टब उतरवावेच लागणार होते. तळं झालं तर त्यातली झाडं तळ्यात. नाही झालं, तर मक्सी रोडवरचा एक नर्सरीवाला बाराच्या टेम्पोतून सगळं न्यायला तयार होता. त्याने हे आत्याला स्वच्छ सांगितलं होतं. ती फक्त म्हणाली होती, "नर्सरीवाल्याला कुमुदाचं फूल आणि जलकुंभीचं तण यांतला फरक कळतो का, ते विचारलंस?"

"आत्या, धबधब्याला काय प्रॉब्लेम आहे? एवढं तर सांग."

"कमळाच्या जातीला स्थिर पाणी लागतं. पानावर सतत पाणी पडलं की पान कुजतं."

"मग कमळं एका बाजूला ठेव."

"बारा फुटांचं तळं आहे, हर्षल. बाजू कुठून आणू?"

"मोठं कर ना! मतलब, करायचंच आहे तर जबरदस्त करू. सिमेंटचं बांधू."

"ही काळी माती आहे. उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. सिमेंटला पहिल्याच वर्षी तडा जाईल. खाली शेततळ्याचा जाड प्लास्टिक कागद घालायचा आहे."

"पन्नी," मिस्त्रीने मान डोलावली. "बाईसाब सही कह रही हैं. गारा फटेगा."

"तुम्ही तुमची बीडी प्या," शैलावहिनी म्हणाल्या.

मानसीचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. तिची चार वर्षांची निहारिका पाईपच्या आकारात उडी मारायची, "मी बुडली!" ओरडायची आणि बाहेर यायची. पुन्हा उडी, पुन्हा "मी बुडली!" नवव्यांदा मानसीने तिला दंडाला धरून उचललं.

हे लोक दिशा, दिवे आणि सावली यांवर भांडत होते. या घरात लोणच्यापासून लग्नापर्यंत कशावरही भांडायला सगळ्यांना वेळ होता. आणि दार उघडलं की चौथ्या पावलावर तिचं मूल पाण्यात असणार होतं, हे कोणाच्या डोक्यात नव्हतं.

"माझं कलम मी मागे नाही घेणार," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

"घेऊ नकोस," जयू म्हणाली. "पण एक ऐकून घे. एक फूट पाण्यातही मूल बुडतं. चार बोटं पाण्यातसुद्धा बुडतं. खोली कमी करून निहारिका वाचणार नाही. फक्त मासे मरतील."

 असला धीर मानसीला अपेक्षित नव्हता.

जयूने पिशवीतून वही काढली. "सात नंबरचा टब एक फुटाचा आहे. सतरा मे, दुपारी तीन, पाणी एकोणचाळीस अंश. त्याच दिवशी, त्याच वेळी, अडीच फुटी ड्रमच्या तळाशी तीस. मासे खाली जाऊन जगतात. मासे जगले तर डासांच्या अळ्या खातात. नाहीतर तळं नाही, डेंग्यूची नर्सरी."

"ते ठीक आहे. पण मुलगी?"

"लोखंडी जाळी. काठाच्या दगडांखाली सगळीकडून एक फूट आत दाबलेली. चौकोन चार-चार इंचांचे. देठ वर येतात, मूल खाली जात नाही."

"जाळी पाण्याखाली असणार ना? वर चार बोटं पाणी. आत्ताच तर तुम्ही म्हटलं की चार बोटांत पण..."

 जयूने वहीत पाहिलं, मग अंगणात पाहिलं.

"बरोबर," ती म्हणाली. "तुझं बरोबर आहे. जाळी पाण्याच्या वर ठेवू. दोन बोटं वर. घाण दिसेल, पिंजऱ्यासारखं. निहारिका सात-आठ वर्षांची होईपर्यंत राहू दे, मग काढू."

या घरात आल्यापासून सहा वर्षांत "तुझं बरोबर आहे" हे शब्द मानसीने पहिल्यांदाच ऐकले होते. तिने निहारिकाला शैलावहिनींच्या हातात दिलं, टेबलाशी गेली आणि पेन उचललं.

"कारण लिहा," भय्यासाहेब म्हणाले.

तिने लिहिलं: कलम मागे. कारण, जाळी पाण्याच्या वर राहणार. मग तिने पेन नवऱ्यासमोर धरलं. "तू पण."

"मी का? माझ्या कलमाने कोण बुडतंय?"

"धबधब्यावर जाळी घालायची तर मध्ये भोक ठेवावं लागेल. भोक चालेल तुला?"

हर्षलने आत्याकडे पाहिलं. आत्या मुद्दाम आकाशाकडे बघत होती.

"अच्छा ठीक आहे यार. दिवे तरी?"

"काठावर," जयू म्हणाली. "पाण्यात नाही. आणि लाल-निळे नाहीत."

त्याने लिहिलं: कलम मागे. कारण, मत बदलले.

"हे कारण नाही," भय्यासाहेब म्हणाले. "हा निकाल झाला."

"बाबा, प्लीज!"

शैलावहिनी निहारिकाला कडेवर घेऊन उभ्या होत्या आणि त्यांना राग येत होता. मानसी सून त्यांची, आणि एका जाळीवर नणंदेच्या बाजूला गेली. जयू या घरात आल्यापासून हेच चाललं होतं. ती प्रत्येक गोष्ट मोजायची. विरजणाच्या दुधात थर्मामीटर बुडवणारी बाई त्यांनी दुसरी पाहिली नव्हती. वर ते दही खरंच चांगलं लागायचं, हा आणखी वेगळा त्रास.

"माझं कलम राहील," त्या म्हणाल्या. "वास्तू म्हणजे काही फालतू गोष्ट नाही. पाणी भलत्या दिशेला असलं की घरात कटकट होते."

"आत्ता कुठे आहे पाणी?" जयूने विचारलं.

"कुठेच नाही."

"आणि कटकट?"

मिस्त्री खाली मान घालून हसला. शैलावहिनींचा चेहरा लाल झाला आणि भय्यासाहेबांनी टेबलावर हात आपटला. कौलाचा तुकडा निसटला. दौत सांडता सांडता राहिली.

"पुरे. जयू, तू मर्यादा सोडू नकोस. दोन कलमं मागे घेतली गेली, चांगलं झालं. दोन कायम आहेत आणि ती कायम राहतील. दोन्ही पाळून तळं होत नसेल तर तळं होणार नाही. टेम्पो बाराला येतोय."

"भय्यासाहेब, तो टब नंबर चार आहे ना, त्यातलं कुमुद ज्या तळ्यातून मी आणलं ते तळं आता बुजवलंय. तिथे प्लॉट पडलेत. ते मला परत कुठे मिळणार नाही. मला एक कलम द्या. एकच."

"ते होत नाही."

"मी अकरा वर्षं इथे राहते."

"राहतेस." ते वैतागले होते, उन्हाने, टेबलाने आणि सकाळपासूनच्या बडबडीने, आणि वाक्य तोंडातून बाहेर पडलं. "राहायला जागा दिली आहे. कलम दिलेलं नाही."

मिस्त्रीने बीडी पायाखाली विझवली. 

शैलावहिनींना वाटलं, हेच वाक्य आपण मनात किती वेळा म्हटलं असेल. गच्चीवरून पाणी ओघळलं तेव्हा. फ्रिजमध्ये शेवाळाची बाटली सापडली तेव्हा. शेकडो वेळा. पण उघड्यावर, मिस्त्रीसमोर, यांच्या त्या कोर्टातल्या आवाजात ऐकलं आणि त्यांना एकदम स्वयंपाकघराची याद आठवली. लग्नाला दुसरं वर्ष होतं. त्यांनी कलम लिहिलं होतं: ओट्यासमोर खिडकी असावी. यांनी ते खोडलं नाही. खोडता येतच नव्हतं. संध्याकाळी शेजारी बसून, अगदी गोड बोलून, मागे घ्यायला लावलं. कारणही यांनीच सांगितलं, त्यांनी फक्त लिहिलं: धूळ येते. अडतीस वर्षं त्या भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटत होत्या. धूळ कुठून यायची ती येतच होती.

त्यांनी निहारिकाला खाली ठेवलं.

"द्या पेन इकडे."

"तुझं कलम कायम आहे. त्यात लिहायचं काही नाही."

"मागे घेते."

भय्यासाहेबांनी पेन दिलं. शैलावहिनींनी लिहिलं: कलम मागे. कारण, ईशान्येस टाकी आहे. मग त्यांनी वही सोडली नाही. पुढच्या ओळीवर त्या लिहीत राहिल्या. त्यांचं अक्षर मोठं होतं, त्यामुळे जागेवरूनच सगळ्यांना दिसत होतं.

कलम दोन, नवे. तळ्याची जागा, खोली, पाणी व झाडे जयू ठरवेल. सौ. शैला.

"हे काय करून राहिली तू?" भय्यासाहेब म्हणाले. घाईत त्यांची भाषाही घरातली झाली. "असं नाही लिहिता येत."

"का?"

"तिला कलम नाही."

"तिला कुठे दिलंय? कलम माझं आहे. कलमात काय लिहायचं त्याला नियम आहे का? दाखवा."

 भय्यासाहेबांनी वही मागे चाळली. चौऱ्याऐंशी, एकाहत्तर, त्याआधीची वडिलांच्या हातची पानं. नियम चारच होते आणि चारही त्यांना पाठ होते; कलमात काय लिहावं याबद्दल एकही नव्हता. दुसऱ्याचं कलम खोडायचं नाही. त्यांनी हर्षलकडे पाहिलं. हर्षल मोबाईल पाहत होता. मानसीकडे पाहिलं, ती सासूकडे पाहत होती, जणू ही बाई आज पहिल्यांदाच भेटली.

"वहिनी..." जयू म्हणाली.

"मला आभार नकोत," शैलावहिनी म्हणाल्या. "दह्यातलं ते थर्मामीटर मला आवडत नाही. ते मी आजही सांगते. आता बोल, तळं कुठे?"

 जयू भावाकडे पाहत होती. बहात्तर वर्षांचा माणूस, हाताखाली टेबल डगमगतंय, समोर त्याचं एकच कलम उरलंय, आणि ते त्याला खोडता येत नाही, कारण वाकनीसांच्या कर्त्या पुरुषाने आजवर एकदाही कलम मागे घेतलेलं नव्हतं. ते कायम राहिलं तर तळं सावलीत. सावलीत कुमुद जगतं, पण फुलत नाही. शिवाय शिशिरात कडुनिंबाची सगळी पानं तीन आठवड्यांत गळतात. पाणी काळं होतं.

"भय्यासाहेब," ती म्हणाली, "तळं सावलीत कशाला हवंय तुम्हाला?"

"कलमाला कारण लागत नाही. मागे घेताना लागतं."

"मला माहितीये. तरी विचारते."

ते टीपकागद उगाच दाबत राहिले. "मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उन्हात डोळा उघडत नाही," ते शेवटी म्हणाले. "तू तळं तिकडे दक्षिणेच्या भिंतीपाशी करणार. सगळे जाऊन बघणार. मी बसू कुठे? इथून मला काय दिसेल, तुमच्या पाठी?"

सकाळपासून हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता, त्यांनी स्वतःसुद्धा. जयूला चीड आली. तीन तास, चार कलमं, एक भांडण, आणि मुळात माणसाला बसायला जागा हवी होती.

"तुम्ही आत्ता बसा," ती म्हणाली. "जिथे बसायचंय तिथे खुर्ची ठेवा. अशी नाही, फांदीच्या बाहेरच्या टोकाशी. हां."

हर्षलने खुर्ची नेली. भय्यासाहेब बसले. पाय पुढे केले तर पाय उन्हात गेले, ते कुरकुरले, खुर्ची हातभर मागे आली. जयूने बुटाच्या टाचेने खुर्चीपुढे चार हातांवर मातीत एक रेघ मारली. मग तिने पाईप उचलला आणि भिंतीपासून आठ फूट अलीकडे, त्या रेघेपर्यंत आणला.

"हे पूर्ण उन्हात येतं?" मानसीने विचारलं.

"आपण कर्कवृत्ताजवळ आहोत. उन्हाळ्यात दुपारी सावली झाडाच्या पायाशीच पडते. डिसेंबरात ती लांब होते, पण उत्तरेला, तिकडे भिंतीवर. तळं झाडाच्या दक्षिणेला आहे, त्याला बाराही महिने ऊन. यांच्या डोक्यावर मेमध्ये सावली; थंडीत समोरून ऊन आलं तर खुर्ची मागे झाडाखाली घ्यायची." तिने वर फांदीकडे पाहिलं. "पानगळीत जवळ आल्यामुळे जास्त पानं पडतील. तीन आठवडे वर नेट बांधावी लागेल. बांधेन मी."

भय्यासाहेब खुर्चीतून पाईपकडे पाहत होते. अजून तिथे वाळलेलं गवत आणि भेगा पडलेली काळी जमीन होती. एक भेग एवढी रुंद होती की निहारिकाने तिच्यात तिची चमच्याएवढी बाहुली उभी केली होती.

"इथून दिसेल," ते म्हणाले.

"मग कलम?" शैलावहिनी म्हणाल्या.

"घाई करू नका." त्यांनी हात पुढे केला. हर्षलने वही आणि पेन आणून दिलं. मांडीवर वही ठेवून ते बराच वेळ बसले. सगळे उन्हात उभे होते. जयूला त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती. शब्द तोलून बघायची त्यांची जुनी सवय होती ती.

मिस्त्रीने कुदळ खांद्यावर घेतली. "साब, अब?"

"एक मिनट."

त्यांनी लिहिलं, टीपकागद दाबला आणि वही शैलावहिनींकडे दिली. स्वतः ते तळ्याच्या जागेकडे तोंड करून बसले. वहिनींनी मनात वाचलं. पदर तोंडाला लावला. मग वही जयूकडे सरकवली.

कलम एक मागे. कारण, सौ. व जयू एका बाजूस झाल्या आहेत. इलाज नाही.

"खोदो," भय्यासाहेब मिस्त्रीला म्हणाले.